पडायची सोय

टपालपेटीची किल्ली बायकोच्या कोटाच्या खिशात असेल अशा समजुतीने नगसाहेबांनी आत हात घातला, आणि किल्लीऐवजी काहीतरी कचकन टोचलं. बोट बाहेर काढून पाहिलं तर तर्जनीच्या टोकावर रक्ताचा एक थेंब, मोहरीएवढा. एरवी त्यांनी ताबडतोब ‘अगं, कापूस कुठे आहे?’ अशी हाक दिली असती, कारण कापूस सोडून घरातली बाकी प्रत्येक वस्तू कुठे आहे हे त्यांना पाठ होतं. आज त्यांनी बोट नुसतंच चोखलं. न्हाणीघरात पाणी पडत होतं, बायकोची अंघोळ अर्धी झाली असावी. त्यांनी खिसा हळूच उलटा केला आणि आतला ऐवज बुटांच्या कपाटावर ओळीने मांडला. एक बूच, त्यात रोवलेले नऊ काटे. दहावा सुटून त्यांच्या बोटाची वाट बघत बसलेला. गवताच्या काडीने बांधलेली पानांची गड्डी, पिवळ्यापासून लाल होत गेलेली, आणि आता इतकी वाळलेली की बोट लागताच कडा झडत होत्या. एका चिंधीत मातीचा गोळा, सुकून दगड झालेला. आणि स्वयंपाकघरातली लहान सुरी, जी चार महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः ‘गहाळ’ म्हणून जाहीर केली होती. सुरीचं त्यांना काही वाटलं नाही. ते काट्यांकडे बघत राहिले. प्रत्येक काटा बुडाशी तिरपा कापलेला होता, एकाच हाताने, एकाच सवयीने. हा तिरपा काप त्यांनी पाहिला होता. मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून, आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून, एकामागून एक एकशे त्रेचाळीस वेळा पाहिला होता.

नगसाहेब हे नाव त्यांना वीजकंपनीच्या भांडारात पडलं. एकतीस वर्षं ते तिथे साठा-तपासनीस होते. दिवे चारशे नग, खिळे बारा हजार नग, शिड्या सात नग पैकी एक लंगडी. अशा भाषेत सकाळ-संध्याकाळ बोलता बोलता माणूस घरीही तसाच बोलायला लागतो. लेकीच्या जन्माच्या वेळी दवाखान्यातून त्यांनी भावाला फोनवर ‘मुलगी, एक नग, सुस्थितीत’ असं कळवलं होतं, आणि ते विनोद म्हणून नव्हे. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही तेव्हा ते संध्याकाळी वाचनालयात जाऊ लागले. म्हणजे घरी तसं सांगून निघू लागले. प्रत्यक्षात वाचनालय आठवडाभरात विटलं, कारण तिथे वर्तमानपत्राचं एकेक पान धरून बसणारे सात म्हातारे होते आणि आठव्याला हवामानाचा अंदाज तेवढा मिळायचा. मग पाय आपोआप जुन्या जलशुद्धीकरण केंद्रामागच्या बागेकडे वळले. बागेचा पुढचा भाग गुलाबांचा, बाकांचा, धावणाऱ्यांचा. मागे उतार, उतारापलीकडे लहानसं तळं, मोडके बाक आणि ओसाडी. तिथे एका संध्याकाळी त्यांना पानांची एक ओळ दिसली. उतारावरून वाकडीतिकडी खाली जाणारी, पान पानाला काट्याने टाचलेलं, वर फिकट हिरवी, मग पिवळी, मग नारिंगी, आणि पाण्याच्या काठाशी आली तोवर रक्तासारखी लाल. शेवटचं पान पाण्यात भिजलेलं. बासष्ट पानं. त्यांनी मोजली आणि मोजून झाल्यावर (हे पुढे कधी कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं) त्यांच्या छातीत काहीतरी एक पायरी खाली उतरलं. लहानपणी झोपाळा मागे जाऊन पुढे येण्याआधी जो एक क्षण थांबतो, तो क्षण. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, हातात कापडी पिशवी घेऊन, उतारावर.

दुसऱ्या दिवशी ओळीतली नऊ पानं वाऱ्याने नेली होती. तिसऱ्या दिवशी तेवीस. सहाव्या दिवशी उतार कोरा. जन्मभर तूट दिसली की त्यांच्या कपाळावर आठी उमटायची. इथे तूट होती, पण जबाबदार कुणी नव्हतं, आणि आठीच्या जागी एक प्रकारची गंमत वाटत होती हे त्यांच्या लक्षात आलं. मग दहा-बारा दिवसांनी तळ्याच्या काठी दगडांचा एक खांब उभा. प्रत्येक दगड खालच्यापेक्षा किंचित मोठा, म्हणजे अगदी उलटा, पडायलाच हवा असा, आणि पडत नव्हता. मग कधी बोरूच्या काड्या पाण्यात रोवून त्यांच्या प्रतिबिंबासकट केलेलं वर्तुळ, अर्धं खरं, अर्धं पाण्यातलं. कधी चिखलाचा एक लांब नागमोडी कणा, जो वाळताना स्वतःच भेगांची नक्षी काढत गेला. करणारा कधी दिसला नाही. नगसाहेब संध्याकाळी जात, आणि वस्तू तेव्हा झालेली असे. त्यांनी मनाशी एक माणूस तयार केला होता: तरुण, दाढीवाला, बहुधा अविवाहित, बहुधा जेवणाची आबाळ होणारा. त्याच्याविषयी त्यांना बापासारखी काळजी वाटे. एकदा त्यांनी मोडक्या बाकावर दोन केळी ठेवली होती. सकाळी ती केळी कुणी खाल्ली हे कळण्याची सोय नव्हती. आता बुटांच्या कपाटासमोर उभं राहून त्यांना एकदम आठवलं, साधारण त्याच सुमाराला बायको म्हणाली होती, ‘जग अगदीच वाईट नाही हो, आज फिरायला गेले तर बाकावर केळी.’ आणि त्यांनी मान वर न करता, ‘कुणाची असतील, उचलायची नसतात,’ असं म्हटलं होतं.

ती पहाटे फिरायला जायची. ते संध्याकाळी वाचनालयात. तीन वर्षं दोघं एकाच जागी जात होती, बारा तासांच्या अंतराने, एकमेकांना थापा मारून. इथवर त्यांचा हिशेब जुळला तेव्हा त्यांना हसू येऊ लागलं होतं, छान उकळी फुटत होती. आणि तेवढ्यात त्यांना घुमट आठवला, आणि हसू जिथल्या तिथे गोठलं.

घुमट दोन महिन्यांपूर्वीचा. कमरेएवढा, नुसत्या सुक्या काटक्यांचा, दोरा नाही, तार नाही, खिळा नाही. एक काटकी दुसरीच्या काखेत, दुसरी तिसरीच्या. मध्यावर एक गोल भोक, पूर्ण काळं, आणि त्यात बघितलं की बाग, तळं, मागच्या रस्त्यावरच्या गाड्या, सगळं मागे सरकून आपण त्या काळ्यात तोंडघशी पडू असं वाटायचं. नगसाहेब पहिल्या दिवशी तासभर बसले. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, वारा सुटला, आणि हे पडणार या विचाराने त्यांना घरी चैन पडेना. एवढी वस्तू वाऱ्यावर सोडायची? भांडारात साधी छत्री उघड्यावर राहिली तर ते शेरा मारत. तेव्हा त्यांनी जे त्यांना येत होतं ते केलं. अर्ज लिहिला. उद्यान विभागाला, तीन परिच्छेदांत, नाव न घालता, खाली ‘एक नागरिक’ म्हणून. आणि त्या विभागाने, ज्याला तुटलेला बाक दुरुस्त करायला सात वर्षं पुरली नव्हती, अकराव्या दिवशी कारवाई केली. घुमटाभोवती लोखंडी कुंपण आलं. काटक्यांवर रोगणाचे दोन हात बसले. आणि हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत खुद्द नगसाहेबांचं वाक्य रंगवलं गेलं: ‘सदर वस्तू विनाविलंब व विनाघट जतन करण्यात येत आहे.’ खाली: ‘कलाकाराने कार्यालयाशी संपर्क साधावा.’ त्या संध्याकाळी ते पाटीसमोर इतके ताठ उभे राहिले की एका मुलाने त्यांनाच रखवालदार समजून वेळ विचारली.

त्यानंतर तळ्याकाठी नवं काही झालं नाही. त्यांनी मनात ‘दाढीवाला गावाला गेला’ अशी नोंद केली. आणि घरात, वेगळ्या रकान्यात, वेगळी नोंद: बायको उशिरा उठते, फिरायला जात नाही, गुडघे दुखतात म्हणते, भाजी चिरताना गुणगुणत नाही. ती गुणगुणते हे त्यांना गुणगुणणं बंद झाल्यावरच कळलं होतं. लेकीने फोनवर विचारलं, ‘बाबा, आईला काय झालंय? हो-नाहीच्या पुढे बोलत नाही.’ त्यांनी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तीस नग, सकाळी एक. गोळ्या रोज एकने कमी होत होत्या आणि बाकी काहीच बदलत नव्हतं. दोन रकाने, शेजारी शेजारी, दीड महिना. आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवणाऱ्या माणसाला त्यांच्यामध्ये एक आडवी रेघ मारता आली नव्हती.

न्हाणीघराची कडी वाजली. त्यांनी सगळा ऐवज घाईघाईने खिशात कोंबला. दहावा काटा तेवढा मुठीत राहिला.

‘काय शोधताय?’ ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत बायको बाहेर आली.

‘टपालाची किल्ली.’

‘ती दाराच्या खिळ्याला असते. तुम्हीच मारलाय खिळा. वर चिठ्ठीही लावलीय.’

‘हो की.’

‘बोटाला काय झालं?’

‘काही नाही. वय झालं,’ ते म्हणाले, आणि बोटाला वय होतं का याचा विचार करत ती आत गेली. एरवी ती यावर हसली असती. ते पायात बूट सरकवून बाहेर पडले. टपालपेटीशी थांबलेसुद्धा नाहीत.

सकाळची बाग त्यांनी पाहिली नव्हती. उजेड उलट्या बाजूने येत होता, आणि नेहमीची झाडं कुणीतरी त्यांची जागा बदलल्यासारखी दिसत होती. चालता चालता त्यांना नदी आठवली. लग्नाला चार महिने झाले होते, दोघं पहिल्यांदाच बाहेरगावी, एका उथळ नदीच्या काठी. तिने साडी खोचून पाण्यात उभं राहून दगडांची एक कमान केली होती, गुडघ्याएवढी, दोन्ही बाजूंनी वाकत येऊन मध्ये एका चपट्या दगडावर टेकलेली. ती पाण्यातून ओरडली होती, ‘बघा, लवकर बघा!’ ते धावत गेले, आणि त्यांना ती कमान इतकी आवडली, त्या कमानीमुळे ती इतकी आवडली, की त्यांनी खिशातून खडू काढला (त्यांच्या खिशात खडू असे) आणि प्रत्येक दगडावर आकडा घातला. मग कमान उतरवली. सव्वीस दगड दोन पिशव्यांत भरून बसमधून घरी आणले. पिशवीचा बंद तुटला, त्यांच्या पायावर नऊ नंबरचा दगड पडला, नख काळं झालं. गच्चीत आकड्यांबरहुकूम ती कमान त्यांनी चार रविवार उभी करून पाहिली आणि ती चारही रविवार कोसळली. हा किस्सा ते गेली अडतीस वर्षं पाहुण्यांना सांगत आले होते. आपलं तिच्यावर किती प्रेम होतं याचा एवढा भक्कम पुरावा त्यांच्यापाशी दुसरा नव्हता, काळ्या नखासकट. पाहुणे हसत. तीही हसे. त्यानंतर तिने त्यांच्यासमोर कधी दगडावर दगड ठेवला नव्हता, ही गोष्ट आज या बागेच्या फाटकात, उलट्या उजेडात, पहिल्यांदा त्यांच्या समोर येऊन उभी राहिली, आणि ते जागच्या जागी थांबले. मागून धावत येणारा माणूस ‘काका, बाजूला!’ म्हणत त्यांना वळसा घालून गेला.

घुमटाजवळ माळी नळीने पाणी मारत होता. हा मागच्या भागाचा माळी, काळा, किडकिडीत, आणि झाडांपेक्षा माणसांवर जास्त बारीक नजर ठेवणारा.

‘चांगलं जपलंय,’ नगसाहेब चाचपून म्हणाले.

‘जपलंय कसलं! मुरंबा घातलाय त्याचा,’ माळी म्हणाला. ‘तीन वर्षं बघतोय मी. काटेवाल्या ताई यायच्या, उजाडायच्या आत. मी इकडे झाडलोट करायचोच नाही. त्या करून जायच्या, मग रोज येऊन बघायच्या, आज किती गेलं, कुठून गेलं. सगळं गेलं की टाळी वाजवायच्या, एकदाच, अशी. मग दुसरं चालू.’

‘मग आता?’

‘आता काय! कुठल्यातरी रिकामटेकड्या म्हाताऱ्याने अर्ज ठोकला. तुम्ही नव्हे हो, असतात काही. ताई कुंपण घातलं त्या दिवशी आल्या, पाटी वाचली. दोनदा वाचली. मला विचारलं, आता हे पडणार कसं? मी काय सांगू? वर माझ्या तोंडून ‘बाई’ निघून गेलं, तर साहेबांनी मला सांगून ठेवलंय, दिसली की बसवून ठेव, मला फोन कर. त्यांना फाटकाजवळ असले तीन पाहिजेत, सिमेंटचा पाया घालून. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या तेव्हा ताईंना मी म्हटलं, पळा. तेव्हापासून नाहीत आल्या.’ माळ्याने नळीचं तोंड दाबून पाण्याचा फवारा केला. ‘तो अर्जवाला भेटला ना, तर असा भिजवीन.’

नगसाहेब दोन पावलं मागे सरकले.

घरी परत येईपर्यंत त्यांनी कबुलीजबाबाचे चार मसुदे तयार केले. पहिल्यात ‘अनवधानाने’ हा शब्द होता, चौथ्यात नुसतंच ‘माझं चुकलं’. बायको टेबलाशी मटार सोलत होती. ते समोर बसले, एक शेंग उचलली, सोलली, आत सात दाणे होते.

‘अगं, मला तुला एक सांगायचंय.’

‘वाचनालयात जात नाही, हेच ना?’

मसुदे सगळे विरघळले. ‘तुला कसं कळलं?’

‘बुटांना चिखल. वाचनालयात तळं खोदलंय का?’ ती शेंगेवरून नजर न काढता म्हणाली. ‘पण बूट मी नंतर बघितले. आधी पाटी वाचली. विनाघट! अहो, हा शब्द सगळ्या पृथ्वीवर एकच माणूस वापरतो. दुधाची पिशवी आणली तरी विनाघट आणली म्हणतो.’

‘म्हणजे दीड महिना...’

‘दीड महिना.’

‘मग ओरडली का नाहीस? रागावली का नाहीस?’

‘पहिल्या दिवशी रागावलेच होते. तुमची आमटी मी मुद्दाम अळणी केली होती, तुम्हाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या माळ्याला म्हटलं, मला तो अर्ज बघायचाय. त्याने कार्यालयातून आणून दाखवला.’ तिने हातातली शेंग खाली ठेवली. तिचा आवाज बदलला होता, पण कुठल्या बाजूला ते त्यांना कळेना. ‘सदर वस्तू पाहता क्षणी पाहणाऱ्याचा श्वास किंचित खोल जातो, सबब ती जतन व्हावी. असं लिहिलंत तुम्ही. सबब! अडतीस वर्षांत माझ्याविषयी एक ओळ कुणाला लिहिली नाहीत, मलासुद्धा नाही, आणि लिहिलीत ती उद्यान विभागाला, जावक क्रमांक घालून.’

आणि ती हसायला लागली. दीड महिना साठलेलं हसू. मटारचे दाणे टेबलावरून घरंगळत गेले, तिने पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली, आणि मध्येच ते हसू रडण्याच्या काठाला लागून परत आलं. ‘तुम्हाला ठाऊक नव्हतं ते माझं आहे, आणि तरी आवडलं. मग तुम्हाला सांगू कसं, की तुम्ही त्याचा गळा दाबलात? एवढ्या प्रेमाने गळा दाबल्यावर बोंब मारायची कुणाच्या नावाने?’

‘मला सांगितलं का नाहीस? तीन वर्षं?’

‘तुम्ही मोजाल म्हणून.’

‘मोजलेच मी,’ ते खाली मान घालून म्हणाले. ‘काटे. एकशे त्रेचाळीस.’

‘बघा!’

‘मोजलं तर काय बिघडतं?’

तिने घरंगळलेला एक दाणा उचलला. हा प्रश्न तिने स्वतःलाही बऱ्याचदा विचारला असावा असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. ‘मोजलं तर काही नाही हो. तुम्ही मोजून ठेवून देता. मी करायला बसते ना, तेव्हा सगळ्यात आधी हे कुठून पडेल तेच ठरवते. त्याला पडायची सोय ठेवावी लागते. नाहीतर ते नुसतं उभं राहतं, मुक्या माणसासारखं. त्या घुमटाला पश्चिमेकडे मी दोन काटक्या सैल ठेवल्या होत्या. पंधरा-वीस दिवसांत वाऱ्याने बसला असता. इतका छान बसला असता! तुम्ही त्यावर रोगण फासलंत.’

‘विभागाने,’ नगसाहेब पुटपुटले, पण फार जोर न लावता.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं निघाली. तिने कोट घातला, आणि त्यांनी काही न विचारता बरोबर चालायला सुरुवात केली. नगसाहेबांची पावलं शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी पुढे पुढे पडत होती. बागेत ती वाकून पानं उचलत चालली. एक उचलायची, उजेडाकडे धरायची, टाकून द्यायची, दुसरं घ्यायची. तिचा हात कुठल्या नियमाने चालतो हे ओळखायचा त्यांनी प्रयत्न केला आणि अकराव्या पानानंतर सोडून दिला. तळ्याकाठी तिची मूठ पानांनी भरली होती, आणि ती कुंपणापासून लांब, अगदी पाण्याशी बसणार, एवढ्यात उतारावरून माळी हातवारे करत धावत आला. ‘ताई, साहेब! आज सकाळीच आलेत, फोटोवाला घेऊन!’

उद्यान अधिकारी त्याच्या मागोमागच होते. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर कुठलीही गोष्ट प्रकल्प म्हणून पाहणाऱ्या माणसाची तरतरी. त्यांची नजर थेट बायकोच्या हातातल्या पानांवर गेली. ‘अरे वा! म्हणजे आपणच का त्या?’

नगसाहेबांनी एकतीस वर्षांत एक खिळा खोटा लिहिला नव्हता. एकदा साहेबांचा मेहुणा अडकत होता तरी लिहिला नव्हता. आता त्यांचा हात पुढे झाला, बायकोच्या मुठीतून त्यांनी पानं जवळजवळ हिसकावून घेतली आणि ते म्हणाले, ‘मी.’

‘आपण? माळी तर बाई म्हणत होता.’

‘त्याला लांबचं दिसत नाही,’ नगसाहेब म्हणाले. माळ्याने ताबडतोब डोळे बारीक केले.

‘ही आमची मंडळी. बरोबर येते फक्त. तिला खोकला आहे.’ कारण मागे, मोडक्या बाकावर, बायकोने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदत होते.

‘उत्तम! मग करा की एक काहीतरी, आत्ता. आम्ही फोटो घेतो.’

नगसाहेब खाली बसले. गुडघ्यांनी आवाज केला. समोर ओली जमीन, हातात पानं, आणि डोक्यात काहीच नाही. अगदी धुतलेली पाटी. त्यांनी पहिलं पान ठेवलं. मग दुसरं, त्याच्या शेजारी, समान अंतरावर. हातांना जे येत होतं तेच हात करत गेले. थोड्या वेळाने जमिनीवर दहा-दहाच्या चार रांगा झाल्या, देठ एका दिशेला, फटी सारख्या. फोटोवाल्याने यंत्र डोळ्याला लावलं आणि खाली घेतलं.

‘हे काय आहे?’ अधिकाऱ्यांनी विचारलं.

‘पानं. चाळीस नग.’

‘बरं. आणि काटक्यांचं काही?’

मग त्यांनी काटक्यांचं केलं. त्यांना वाटलं होतं मुद्दाम वाईट करावं लागेल. पण मन लावून, जीभ दातांत धरून, खरोखर घुमटच करायला बसलेल्या नगसाहेबांच्या हातून जे उभं राहिलं ते तीन श्वास राहिलं आणि अधिकाऱ्यांच्या पांढऱ्या बुटांवर कोसळलं. काय आश्चर्य, त्यांना त्यातही मजा आली. पुन्हा करून पाहावं असं वाटलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा पडलं.

‘पण तो घुमट?’ अधिकारी बूट झाडत म्हणाले.

‘तो एकदा जमला. फाटकाजवळ तीन हवेत म्हणे तुम्हाला? करून देतो की. हे असे.’

अधिकाऱ्यांनी चाळीस पानांकडे पाहिलं, काटक्यांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि त्यांच्या मनातला एक मोठा प्रकल्प गुपचूप मिटत जाताना नगसाहेबांना स्पष्ट दिसला. ‘नको, नको. आजोबा, तुम्ही दमू नका. अरे, ते कुंपण इथे अडकून पडलंय, तिकडे गुलाबांना कमी पडतंय. आजच काढा. आणि पाटी पुसून ‘फुले तोडू नयेत’ लिहा.’ पांढरे बूट उतार चढून गेले. एरवी ‘आजोबा’ म्हणणाऱ्याला नगसाहेबांनी सोडलं नसतं.

माळ्याने कुंपणाचे चार खांब उपटायला पाऊण तासही घेतला नाही. बायको बाकावरून उठली, डोळे पुसत, अजून अधूनमधून हसत. घुमटाभोवती तिने एक फेरी मारली. पश्चिमेकडे बसून तिने तळाची एक काटकी ओढली. रोगणामुळे ती चिकटली होती, कट्ट वाजून निघाली. काही झालं नाही. तिने दुसरी ओढली आणि मागे सरकली. घुमट क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला. मग मधलं काळं भोक लांबट झालं, मिटलं, आणि सगळा घुमट, एखाद्या जाड्या बाईने दमून जमिनीवर बसकण मारावी तसा, ऐटीत, खाली बसला. सुक्या काटक्यांचा एकच खळखळाट उठला, पाण्यावरून पलीकडे गेला आणि पलीकडच्या झाडांतून बगळे उडाले. नगसाहेबांनी छातीवर हात ठेवला. आता वाईट वाटेल म्हणून ते वाट बघत राहिले. त्यांनी चांगली वाट पाहिली. वाईट काही आलं नाही. जे आलं ते इतकं हलकं होतं की त्याला काय म्हणायचं हे न कळून ते मोठ्याने हसले, आणि माळीही हसला, कुणी कुणाला का ते न सांगता.

बायको त्यांच्या चाळीस पानांशी येऊन बसली होती. थोडा वेळ तिने त्या चार सरळ रांगांकडे मान कलती करून पाहिलं. मग बोटाने एक पान किंचित वळवलं, दुसरं उचलून तिसऱ्याखाली सरकवलं, आणि रांगा हळूहळू एकमेकींकडे झुकू लागल्या. कोटाच्या खिशातून बूच निघालं. तिचा हात चालू लागला, तोंड किंचित उघडं, भुवया वर, आणि हा चेहरा आपण यापूर्वी एकदाच, पाण्यात उभ्या असलेल्या एका मुलीचा, पाहिला होता हे नगसाहेबांना ओळखू आलं. तिला आपण नको असू, असं वाटून ते जायला वळले.

‘कुठे चाललात?’ ती वर न बघता म्हणाली. ‘पाय उचला आधी. माझ्या पिवळ्यावर उभे आहात.’

त्यांनी उजवा पाय उचलला. तिने खालचं पान काढून घेतलं, उजेडाकडे धरलं, आणि कामात इतकी बुडून गेली की पाय खाली ठेवा असं सांगायचं तिला राहूनच गेलं. नगसाहेब तसेच उभे राहिले, एका पायावर, हात पसरून तोल सांभाळत, तळ्याच्या काठी. आणि आता कुठे ठेवायचा हे त्यांनी मुळीच विचारलं नाही.